झाडाची मोट कोण ओढतो ?

दोन वर्षांपूर्वीं कार्तिक महिन्यांत आमच्या दीड एकर तुरीनें ऐन फुलोऱ्यांत माना टाकण्यास आरंभ केला. प्रथम बांधाकडील पांच-सात झाडें सुकलीं. आठवड्याभरांत तें वर्तुळ वाढत जाऊन जवळजवळ पाव शेतांतील पानें पिवळीं पडलीं. पाऊस उघडून महिना झाला होता व जमिनीस भेगा पडूं लागल्या होत्या. झाड सुकलें म्हणजे त्यास तहान लागली, हा आमचा सरळ समज. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी मागून घेऊन दोन रात्री जागून तें आम्हीं शेतास दिलें. त्या पाण्यानें एकही झाड उठलें नाहीं. पुढील पंधरवड्यांत वाळलेल्या झाडांची संख्या मात्र दुपटीवर गेली.

आमचे एक वयोवृद्ध शेजारी आहेत. गांव त्यांस तात्या म्हणतो. ते सहज बांधावर आले, त्यांनीं एक सुकलेलें झाड उपटलें, विळ्यानें खोड उभें चिरलें आणि आंतील काळसर रेघा आम्हांस दाखवून म्हणाले, “भाऊसाहेब, तहानेलेल्याला पाणी द्यावं. ह्याचा गळाच आवळलाय. ह्याला पाणी पाजून काय होणार ?”

आम्हीं महसूल खात्याच्या कारकुनींत तीसांहून अधिक वर्षें घालविलीं. त्या काळांत पीकबुडीचे पंचनामे आमच्या हातांखालून किती गेले याची गणती नाहीं, आणि त्यांतील कारणाच्या रकान्यांत “पाण्याअभावीं पीक वाळलें” हे शब्द आम्हीं स्वतःच्या अक्षरांत किती वेळां उतरून काढले याचीही नाहीं. खोड चिरून पाहिल्याचें एकही उदाहरण आम्हांस आठवत नाहीं. तात्यांनीं ती काळी रेघ दाखविली त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, झाडांत पाणी कोणत्या वाटेनें चढतें व तें कोण चढवितें, हीच गोष्ट आम्हांस नीट ठाऊक नाहीं. सेवानिवृत्तीमुळें वेळ हातीं होता. तेव्हां मिळतील तीं पुस्तकें पाहिलीं व विचारतां येईल त्यांस विचारलें. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. ज्यांच्या विहिरीवर कांठाशीं बसविलेला पंप होता, त्यांस एक अनुभव निश्चित असेल. उन्हाळ्यांत पाणी पंचवीस फुटांच्या खालीं गेलें कीं तो पंप नुसता गुरगुरतो, पाणी ओढीत नाहीं. मग त्यास विहिरींत उतरवून कपारींत किंवा फळीवर बसवावें लागतें. याचें कारण पंपाचा दोष हें नव्हे. पंप पाण्यास ओढतो असें आपण म्हणतों खरें, पण तो फक्त नळींतील हवा काढून घेतो. पाणी वर लोटलें जातें तें बाहेरच्या हवेच्या दाबानें, आणि हवेचा सगळा दाब मिळून सुमारें ३४ फुटांचाच पाण्याचा स्तंभ तोलूं शकतो. इटलींतील टॉरिचेली यानें सतराव्या शतकाच्या मध्यास हें दाखवून दिलें. आतां कोंकणांतील माड पाहा. त्याचा शेंडा ८० फुटांवर असतो, आणि त्या शेंड्यावरील शहाळ्यांत पाणी असतें ! अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत रेडवुड नांवाचे वृक्ष आहेत. त्यांतील सर्वांत उंच ठरलेल्या वृक्षाची उंची ३८० फुटांच्या घरांत भरली. त्याच्या टोंकाच्या पानासही पाणी पोंचतें. तेथें पंप नाहीं, वीज नाहीं, आवाज नाहीं. आमच्या लहानपणीं गांवांत एक-दोन मोटा अजून चालत असत. नाडा ताणून धावेवरून खालीं उतरणारे बैल पाहिले म्हणजे पाणी वर येण्यास केवढें बळ लागतें हें पोरांस शिकवावें लागत नसे. मोटा गेल्या, इंजिनें आलीं, त्यांच्या मागून विजेचे व आतां सूर्यप्रकाशावर चालणारे पंप आले. झाडाची मोट मात्र अजून चालूच आहे, आणि तिचे बैल कोठें जुंपले आहेत हें दिसत नाहीं.

बैल शोधण्यापूर्वीं वाट पाहूं. त्यासाठीं प्रयोग अगदीं घरगुती आहे. श्रावणांत परसांत तेरडा उगवतो. त्याचें खोड पाणीदार व कांचेसारखें असतें. एक तेरडा मुळांसकट उपटून, स्वच्छ धुवून, तांबडी शाई मिसळलेल्या पाण्यांत उभा करावा. (आमच्याजवळ कचेरीच्या दिवसांतील एक दौत शिल्लक होती, बेरजा मारण्याच्या कामीं आलेली ती शाई अखेर या कामीं लागली.) घटका-दोन घटकांत खोडांत तांबड्या रेघा चढतांना डोळ्यांनीं दिसतात. खोड आडवें कापलें तर सगळें खोड तांबडें झालेलें नसतें, फक्त ठराविक ठिपके तांबडे असतात. तेच पाण्याचे नळ. झाडांत ते लांकडाच्या भागांत असतात, सालींत नसतात. एकेका नळीचा व्यास केंसाहून बारीक ते फार तर अर्धा मिलिमीटर. आणखी एक नवलाची गोष्ट अशी कीं, या नळ्या ज्या पेशींच्या बनतात त्या पेशी तयार होतांच मरून जातात व त्यांच्या पोकळ भिंती तेवढ्या उरतात. म्हणजे जिवंत झाड पाणी पितें तें मेलेल्या नळ्यांतून.

साल व लांकूड यांची कामें वेगळीं आहेत, हें आपल्या द्राक्षबागाइतदारांस पुस्तकावांचून ठाऊक आहे. नाशिक व सांगली भागांत मणी भरावे म्हणून वेलीच्या खोडावरील सालीचें बारीक कडें काढून टाकतात. तरीही वेलीचीं पानें सुकत नाहींत. कारण पाण्याची वाट आंतील लांकडांतून आहे व ती शाबूत राहते. पानांनीं तयार केलेली साखर सालीच्या वाटेनें खालीं उतरत असते, ती मात्र कड्यापाशीं अडते व घडाच्या वाट्यास येते. इटलींतील माल्पिगी या वैद्यानें असेंच कडें काढून, त्याच्या वरच्या अंगास खोड फुगतें हें १६७० नंतरच्या दशकांत नोंदून ठेवलें होतें. बांधावरील नको असलेल्या बाभळीची साल सभोंवार काढली तर ती लागलीच मरत नाहीं, कांहीं महिन्यांनीं मरते, त्याचेंही कारण हेंच. तिला पाणी मिळत असतें. मुळांस मात्र वरून अन्न मिळेनासें होतें व तीं उपाशीं मरतात.

आतां बैलांकडे वळूं. पहिला संशय साहजिकच मुळांवर जातो : मुळेंच पाणी खालून ढकलीत असतील. या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. पहाटे अळूच्या पानांच्या टोंकांशीं किंवा गव्हाच्या कोंवळ्या पात्यांवर पाण्याचे मणी दिसतात. त्या सर्वांस आपण दंव म्हणतों, पण त्यांतील पुष्कळसे मणी मुळांनीं रात्रभर ढकलून बाहेर काढलेल्या पाण्याचे असतात. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या पाद्रीबोवांनीं आपल्या १७२७ सालच्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे कीं, छाटलेल्या द्राक्षवेलीच्या बुंध्यास त्यांनीं कांचेची नळी जोडली तेव्हां वेलीनें गाळलेला रस तींत वीस फुटांहून वर चढला. परंतु हा जोर बहुतेक झाडांत यापेक्षां पुष्कळच कमी असतो, आणि मुख्य अडचण अशी कीं तो रात्रीं व दमट हवेंत दिसतो. भर दुपारीं, जेव्हां पाण्याची गरज सर्वांत मोठी, तेव्हां तो जवळजवळ नाहींसा होतो. दुपारीं ज्याचे बैल गोठ्यांत बसतात त्याची मोट चालते कशी ?

दुसरा संशय नळ्यांच्या बारीकपणावर. दिव्याच्या वातींत तेल चढतें, टीपकागदांत शाई चढते, तसें हें असेल काय ? हिशेब केला तर एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळींत पाणी आपोआप चढेल तें सुमारें एक फूट. हरभऱ्याचें रोप त्यावर जगेल, माड जगणार नाहीं.

तिसरें मत आपल्या देशांतील एका थोर पुरुषाचें आहे. कलकत्त्याचे सर जगदीशचंद्र बसू यांनीं १९२३ सालीं या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. वनस्पतीच्या खोडांतील जिवंत पेशींचा एक थर हृदयाप्रमाणें आकुंचन-प्रसरण पावतो व त्या स्पंदनांनीं पाणी वर लोटलें जातें, असें त्यांचें म्हणणें होतें. वनस्पतींच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यासाठीं त्यांनीं जीं यंत्रें स्वतः बनविलीं त्यांचें कौतुक जगानें केलें. पण हें विशिष्ट मत शास्त्रज्ञांत मान्य झालें नाहीं. आपल्या माणसाचें मत टिकलें नाहीं याचें वाईट वाटतें, परंतु शास्त्राच्या सातबारावर कब्जेदाराचें नांव पुराव्यानेंच लागतें. आणि विरुद्ध पुरावा आधींच फेरफारांत नोंदलेला होता. जर्मनींतील स्ट्रासबुर्गर यांनीं १८९१ च्या सुमारास वीस मीटरांहून उंच झाडें बुंध्याशीं कापून विषारी द्रवांत उभीं केलीं. विष वर चढत गेलें, वाटेंतील जिवंत पेशी मारीत गेलें, आणि तरीही द्रव चढतच राहिला. मुळें तर तेथें नव्हतींच. म्हणजे मुळें तोडलीं, खोडांतील पेशी मारल्या, तरी मोट चालूच. उरलें काय ? वरचीं पानें.

या विचारास पक्कें रूप दिलें तें डब्लिन येथील डिक्सन व जॉली या दोघांनीं, १८९४ सालीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : पाणी खालून ढकललें जात नाहीं, वरून ओढलें जातें, आणि त्यास ओढणारे ऊन व वारा हे आहेत.

पानाच्या पाठीवर असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. तीं उघडल्याशिवाय पानास हवा मिळत नाहीं व अन्न तयार होत नाहीं. पण तीं उघडलीं कीं आंतील ओल वाफ होऊन बाहेर जाते. पानांतील पेशींच्या भिंती ओल्या फडक्यासारख्या असतात आणि त्यांतील छिद्रें इतकीं बारीक कीं, नुसता हिशेब केला तर तीं मैल-दीड मैल उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलून धरतील. वाफ होऊन एक कण गेला कीं त्या जागीं दुसरा कण ओढला जातो. त्याच्या मागें तिसरा. पाण्याच्या कणांस एकमेकांचा लळा फार. बंद नळींत, मध्यें हवेचा बुडबुडा नसतांना, पाणी दोराप्रमाणें ताणलें तरी तुटत नाहीं. पानापासून मुळापर्यंत आणि मुळापासून मातीच्या कणांना चिकटलेल्या ओलीपर्यंत असा एक अखंड पाण्याचा नाडा असतो. सूर्य वरच्या टोंकास ओढतो व खालचें टोंक जमिनींत असतें. कांठावरच्या पंपास ३४ फुटांची मर्यादा पडते ती हवेच्या भरवशावर राहिल्यामुळें. झाड हवेच्या भरवशावर नाहीं, तें पाण्याच्या चिकटपणावर चालतें. माडाच्या ८० फुटांसाठीं केवळ वजनापुरता अडीच वातावरणांइतका ताण लागतो. नळींतून घासून जाण्याची खोट त्याहून वेगळी. पाण्याचा नाडा त्याच्या कितीतरी पट ताण सोसतो.

हें ऐकून आमचाही प्रथम विश्वास बसला नाहीं. पाणी ताणलें जातें ही गोष्ट कोण मानील ? परंतु पुढें पुरावे येत गेले. पाणी खालून ढकललें जात असतें तर दुपारीं खोड फुगलें असतें. नाजूक यंत्रांनीं मोजलें असतां तें दुपारीं केंसभर बारीक होतें व रात्रीं पुन्हा भरतें. ओढल्या जाणाऱ्या नळीच्या भिंती आंत खेंचल्या जातात, तसेंच हें. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील शोलँडर व त्यांचे सहकारी यांनीं तोडलेली डहाळी एका दाबाच्या भांड्यांत बसवून तिच्यांतील ताण प्रत्यक्ष मोजण्याची युक्ति काढली. शंभर-दोनशें फुटांवरील डहाळ्या हव्या होत्या, त्या त्यांनीं बंदुकीची गोळी मारून पाडल्या ! उंचावरील डहाळींत ताण अधिक, खालच्या डहाळींत कमी, असेंच दिसून आलें. खाऱ्या पाण्यांतील तिवराच्या जातीच्या झाडांत हा ताण तीस वातावरणांहून अधिक भरला. समुद्राचें पाणी सुमारें पंचवीस वातावरणांच्या जोरानें आपलें पाणी धरून ठेवतें. त्याच्याशीं रस्सीखेंच करून जगावयाचें तर इतका ताण हवाच. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं इंग्रज संशोधकांनीं एरंडाच्या सुकत्या पानास ध्वनि टिपणारें यंत्र लावून नळ्यांतील पाण्याचे धागे तुटतांना होणारे टिक्-टिक् आवाज ऐकले. आपल्या बांधावरचा एरंड कडक दुपारीं असा कुरकुरत असेल हें आम्हांस कधीं स्वप्नांतही आलें नसतें. आणि रेडवुड वृक्षांवर २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असा अंदाज निघाला कीं, याच ताणामुळें झाडाची उंची १२२ ते १३० मीटरांपलीकडे जाऊं शकत नाहीं. त्याहून वर पान नीट वाढूं शकत नाहीं.

या मोटेचें पाणी जातें किती, हेंही पाहूं. हेल्स यांनीं साडेतीन फुटी सूर्यफुलाचें एक झाड कुंडीसह तोलून पाहिलें; तें दिवसास सरासरी वीस औंस पाणी हवेंत सोडी. अमेरिकेंत १९१० नंतर ब्रिग्ज व शँट्झ या दोघांनीं अनेक पिकांचे हिशेब काढले. एक शेर सुकें पीक तयार करण्यास ज्वारीस सुमारें ३०० शेर पाणी लागतें, गव्हास सुमारें ५००, लसूणघासास ८०० हून अधिक. मुळांनीं घेतलेल्या शंभर भागांपैकीं सत्त्याण्णव किंवा अधिक भाग वाफ होऊन जातात. अंगीं लागतात ते दोन-तीन. ही उधळपट्टी वाटेल, पण पान उघडें ठेवल्याशिवाय दाणा भरत नाहीं. कोरडवाहू मुलखांत ज्वारीस मान कां, याचा जबाब या आंकड्यांत आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. पान सुकलें म्हणजे इतकेंच ठरतें कीं, वरून खर्च चालू आहे व खालून तितकी भर पोंचत नाहीं. पाण्याचा नाडा कोठें ताणला किंवा तुटला, हें पान सांगत नाहीं. तें आपणच शोधावयाचें. खुद्द पाण्याची तूट हें एक कारण. पण दुसरीं कारणें तितकींच खरीं आहेत आणि त्यांत पाणी देणें हें कांहीं वेळां विष देण्यासारखें होतें.

तहानेची ओळख सोपी आहे. दुपारीं सुकलेलें पीक रात्रीं भरून निघून सूर्योदयास ताठ उभें असेल, तर घाबरण्याचें कारण नाहीं. दुपारचा खर्च थोडा वेळ जमेपेक्षां अधिक झाला, इतकेंच. सूर्योदयासही मान खालीं असेल तर मात्र खोदून पहावें. वीतभर खोल माती हातांत घेऊन मुठींत दाबावी. तिचा लाडू वळला नाहीं तर पाणी द्यावें. लाडू वळत असूनही पीक सुकत असेल तर पाण्यास हात लावूं नये, शोध घ्यावा.

उलट प्रकार काळ्या जमिनींत वारंवार होतो. कपाशीस पावसाचा मोठा खंड पडतो, मग एकाएकीं जोराची झड येते किंवा आपण पाणी तुंबवितों, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हिरवीगार पऱ्हाटी पाण्यांत उभी असतां सुकते. यास आकस्मिक मर म्हणतात. यांत कोणतीही बुरशी किंवा कीड नसते. मूळ हें जिवंत आहे व त्यास श्वास लागतो. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं हवा निघून जाते, आणि गुदमरलेलें मूळ आपल्या आंतील पाण्याचीं दारें लावून घेतें. बाहेर पाणी, आंत कोरड ! अशा वेळीं पाणी देणारा शेतकरी आम्हीं पाहिला आहे. जमिनींत वाफसा असावा, म्हणजे ओल व हवा दोन्ही असावीं, असें आपले वडीलधारे सांगत. चर काढून पाणी बाहेर घालवावें व वाफसा येतांच मुळाशीं माती हालवावी. वेळीं केल्यास पुष्कळ झाडें उठतात.

खारवट जमिनीचा प्रकार याहून खोल आहे. तेथें पाणी असतें, हवाही असते, पण विरघळलेले क्षार पाण्यास धरून बसतात. झाडास नाडा अधिक जोरानें ओढावा लागतो व तिवराइतकें बळ उंसास नाहीं. नीरेच्या कालव्याखालीं विसाव्या शतकाच्या आरंभींच जमिनी पाणथळ व खारट होऊं लागल्या होत्या, आणि कृष्णाकांठीं तें दुःख आजही चालू आहे. अशा शेतांत अधिक पाणी हा उपाय नसून निचरा हा उपाय आहे. मग क्षार धुऊन जाण्यापुरतें पाणी.

रोप लावतांना जी मर होते तिचेंही मूळ येथेंच. रोप उपटतांना पाणी पिणारीं सर्वांत बारीक मुळें व त्यांवरील केंस तुटतात, पानें मात्र तितकींच राहतात. जमेची बाजू कापली, खर्चाची तशीच ठेवली. म्हणून संध्याकाळीं लावावें, वांगी-मिरचीच्या जून रोपांचीं खालचीं पानें खुडावींत, केळीच्या मुनव्याचीं पानें कापावींत. गांवांत हें सर्व करतात. कां करतात हें कोणी विचारलें तर “पूर्वीपासून करतात” असें उत्तर मिळतें. निशिगंधाच्या दांड्या बाजारांत पाठविणारांसाठीं एक पोटकलम : दांडी कापतांना ताणलेला धागा तुटून नळींत हवा शिरते. घरीं आणल्यावर टोंकाचा दोन बोटें भाग पाण्याखालीं धरून पुन्हा कापला तर तो बुडबुडा जातो व फूल अधिक टिकतें.

राहिली आमची तूर. तिचा रोग जुना आहे. त्यास कारण होणारी बुरशी जमिनींत राहते. पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेंतील बटलर या वनस्पतिरोगतज्ज्ञांनीं तिचा अभ्यास करून १९१० सालीं तीस फ्युझॅरियम उडम हें नांव दिलें. ती मुळांतून शिरते व थेट पाण्याच्या नळ्यांत वाढते. तिच्या तंतूंनीं, आणि तिला अडविण्यासाठीं झाडानें स्वतः सोडलेल्या डिंकासारख्या द्रव्यांनीं, नळ्या बुजतात. बुंध्यापासून वर जाणारा जांभळट पट्टा सालीवर दिसतो. साल काढली कीं लांकडांत तपकिरी-काळ्या रेघा. तेरड्यांत जेथें आमची तांबडी शाई चढली होती, नेमक्या त्याच जागीं तुरींत ही काळी शाई भरलेली होती. कधीं कधीं एकाच बाजूच्या नळ्या बुजतात व झाडाची एकच फांदी वाळते, दुसरी हिरवी राहते; तहानेनें असें कधीं होत नाहीं. फुलोऱ्याच्या वेळीं मागणी वाढते, तेव्हां उरल्यासुरल्या नळ्या पुऱ्या पडत नाहींत आणि म्हणून सुकणें त्या सुमारास उघडकीस येतें. बुरशी आंत शिरलेली असते ती कित्येक आठवडे आधीं. आम्हीं दोन रात्री जें पाणी दिलें तें बुजलेल्या नळाच्या तोंडाशीं ओतलें, इतकाच त्याचा अर्थ.

रोग दिसल्यावर त्या झाडापुरता उपाय नाहीं. उपाय पुढच्या हंगामाचा. बुरशी धसकटांवर सुमारें तीन वर्षें जिवंत राहते, म्हणून त्या शेतांत तूर पुन्हा तूर करूं नये. ज्वारीच्या संगतींत तूर घेतल्यास मर कमी होते, असें प्रयोगांत आढळलें आहे. आपल्या पूर्वजांची मिश्र पेरणी केवळ दोन पिकांच्या लोभानें नव्हती, असें म्हणावयास यामुळें जागा होते. बियाण्यास पेरणीपूर्वीं ट्रायकोडर्मा ही उपकारी बुरशी चोळतात. आणि मरीस दाद न देणारे वाण आतां मिळतात : बदनापूरच्या केंद्राचें बीएसएमआर ७३६ व हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संस्थेचें आशा, हीं दोन नांवें आमच्या भागांत परिचित आहेत. आम्हीं घरचेंच जुनें बीं वर्षानुवर्षें त्याच शेतांत टाकीत आलों होतों; तेव्हां बोल लावावयाचा तो कोणाला ?

त्या वर्षीं दीड एकरांत तूर झाली अवघी पावणेदोन पोतीं. शेंगा काढल्यावर तात्यांच्या सांगण्यावरून सर्व धसकटें उपटून बांधाबाहेर जाळलीं; मजुरी तुरीच्या किंमतीशीं जवळजवळ फिटली. गेल्या वर्षीं तेथें ज्वारी होती, यंदाही ज्वारीच आहे. तूर पलीकडच्या तुकड्यांत, ज्वारीच्या दोन ओळींआड, नव्या वाणाची लावली आहे. काल सकाळीं सूर्योदयास जाऊन पाहिली; दोन झाडांच्या माना खालीं होत्या. दोन्हीं उपटून चिरलीं. एकांत लांकूड पांढरें स्वच्छ निघालें व मुळाशीं उंदराचें बीळ सांपडलें. दुसऱ्यांत काळी रेघ होती.